खुर्ची गाडीत कोण ठेवणार?

मोटारीची डिकी लिटरमध्ये मोजतात, हे जाहिरातीत सगळ्यांनीच वाचलेले असते. डिकीत आपण काही ओतत नाही, तरी माप लिटरचे. यामागे जर्मन मोटार-उत्पादकांच्या संघटनेची, व्हीडीएची, एक पद्धत आहे. २० सेंटिमीटर लांब, १० रुंद आणि ५ जाड असा ठोकळा घ्यायचा. त्याचे घनफळ बरोबर एक लिटर भरते. असे ठोकळे डिकीत, अगदी चाकाच्या फुगवट्यामागच्या कपारीतसुद्धा, रचत जायचे आणि किती मावले ते मोजायचे. पद्धत प्रामाणिक आहे. फक्त ज्याला विटा वाहायच्या आहेत त्याच्यासाठी. ज्याला एकच मोठी, न वाकणारी वस्तू आत घालायची आहे त्याला हा आकडा काहीही सांगत नाही. डिझायरची डिकी ३८० लिटरच्या आसपास आणि वॅगन-आरची ३४१. आकड्यावर जाल तर डिझायर मोठी. पण तिच्या डिकीचे तोंड आडवे आणि बुटके. तिच्यात सुटकेसा आडव्या सरकतात, उभी वस्तू जात नाही.

मी अभियंता नाही. वापराच्या वस्तूंचा इतिहास जमवणे हा माझा जुना नाद. कुलपे, कंदील, शिलाई यंत्रे झाली, मग चाकाच्या खुर्च्या. या खुर्च्यांकडे मी वळलो तो मामेबहिणीमुळे. ताई माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. लहानपणी पोलिओ झाला. उजव्या पायात कॅलिपर, हातात कुबडी, आणि हातानेच ब्रेक-ॲक्सिलरेटर चालवायची सोय केलेली गाडी, या तिघांच्या जोरावर साताऱ्यात तिने तीस वर्षे हिशेब लिहिण्याचा व्यवसाय केला. आता खांदे गेले. पोलिओनंतर तीस-चाळीस वर्षांनी उरलेसुरले स्नायूही थकू लागतात. ज्या पिढीला लस मिळाली नाही ती आज या वयात आहे. डॉक्टरांनी बॅटरीवर चालणारी खुर्ची घ्यायला सांगितले. खुर्ची घरात छान चालते. प्रश्न उंबऱ्याबाहेरचा होता. ताई म्हणाली, "मदत मिळते रे. वॉचमन आहे, शेजारचा मुलगा आहे. पण मग माझी वेळ माझी राहत नाही. मला कुणाला हाक मारायला लागू नये, अशी गाडी शोध."

या एका अटीने सगळा शोध बदलला. 'खुर्ची मावेल अशी गाडी' हा एक प्रश्न आहे आणि 'जिची खुर्ची आहे ती एकटी ठेवेल अशी गाडी' हा अगदीच वेगळा.

गंमत अशी की चाकाची खुर्ची आणि मोटार यांचे नाते याच प्रश्नातून जुळले आहे. १९३० च्या दशकापर्यंत या खुर्च्या लाकूड-वेताच्या, ऐसपैस आणि न मिटणाऱ्या असत. लॉस एंजलिसमध्ये हर्बर्ट एव्हरेस्ट नावाचे खाण अभियंते होते, खाणीतल्या अपघातात पाठीचा कणा मोडलेले. त्यांचे मित्र हॅरी जेनिंग्ज यंत्र अभियंते. या दोघांनी पोलादी नळ्यांची, बसायच्या जागेखाली कात्रीसारखी फुली असलेली खुर्ची तयार केली. फुली मिटली की दोन्ही चाके जवळ येत आणि खुर्ची मोटारीत ठेवता येई. वजन सुमारे २२-२३ किलो. आज रुग्णालयाच्या दारात दिसणारी घडीची खुर्ची तिचीच वंशज. म्हणजे खुर्चीची घडी ही घरातली जागा वाचवण्यासाठी निघालेली युक्ती नव्हे. मोटारीने ती घालायला लावली.

मग मोटर आली आणि घडी मोडली. दुसऱ्या महायुद्धात मानेखाली लुळे पडलेल्या सैनिकांना हाताने चाक फिरवता येईना, म्हणून कॅनडात जॉर्ज क्लाइन यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला विजेवरची खुर्ची विकसित केली. माणूस स्वतः हिंडू लागला, पण खुर्चीला दोन मोटरी, दोन जड बॅटऱ्या आणि भक्कम सांगाडा लागला. आजही शिसे-आम्लाच्या दोन बॅटऱ्याच मिळून पंचवीस-तीस किलो होतात, आणि पाठ झुकवता येणाऱ्या मोठ्या खुर्च्या शंभर किलोच्या पुढे जातात. घरात जितके स्वातंत्र्य वाढले तितकी ती खुर्ची घराशी बांधली गेली. लिथियम बॅटरीमुळे घडीच्या इलेक्ट्रिक खुर्च्या पुन्हा वीस ते तीस किलोंत आल्या. एव्हरेस्ट-जेनिंग्जच्या वजनापाशी परत यायला एवढा काळ लागला!

इथे एक इशारा देणे भाग आहे. गाडीत बसते म्हणून हलकी खुर्ची घेणे हा उलटा क्रम आहे. घडीच्या खुर्चीची बैठक साधी असते. ज्यांच्या मणक्याला वरच्या भागात इजा आहे, ज्यांना त्वचेवर दाबाच्या जखमा होतात, ज्यांची मान सावरत नाही, त्यांना ती चालत नाही. आधी शरीराला खुर्ची, मग खुर्चीला गाडी. विक्रेते हे सांगत नाहीत. व्यवसायोपचार तज्ज्ञ सांगतात.

जड खुर्ची ज्यांना अटळ आहे त्यांनी खुर्चीसकट गाडीत शिरावे, हे उत्तर ऐकायला सोपे वाटते. हिशेब करून पाहू. खुर्चीची बैठक जमिनीपासून ५० सेंटिमीटर, त्यावर बसलेल्या माणसाचे डोके आणखी ८० ते ८५ वर. म्हणजे १३० ते १३५ सेंटिमीटर उंचीचे दार हवे आणि आत तेवढीच उंची. छोट्या गाडीच्या आतली उंची सव्वाशेच्या आसपास भरते, दार त्याहून ठेंगणे. आता उतार. मागचा तळ जमिनीपासून ६० सेंटिमीटर धरला आणि इमारतींसाठीचे बारास एक हे प्रमाण लावले तर ७ मीटर २० सेंटिमीटरची फळी लागेल, ईकोसारख्या गाडीच्या जवळजवळ दुप्पट लांब. म्हणून परदेशात फोक्सवॅगन कॅडी किंवा रेनो कांगू अशा गाड्यांचा मागचा तळ कापून खाली घेतात. तळ ३० सेंटिमीटरवर आला की दीड मीटरच्या फळीवर चढ पाचास एक होतो आणि खुर्ची चढते. ब्रिटनमध्ये १९७७ साली सुरू झालेल्या मोटॅबिलिटी योजनेतून अपंगत्व भत्त्याच्या बदल्यात अशा गाड्या भाड्याने मिळतात. त्याआधी तिथले सरकार फिक्या निळ्या रंगाची एका माणसाची तीनचाकी देत असे, इन्व्हाकार. ती ३१ मार्च २००३ नंतर रस्त्यावर आणायला बंदी झाली. युरोपात खुर्चीतच बसून चालवायच्या चिमुकल्या गाड्याही निघाल्या. हंगेरीत जन्मलेली केंगुरू मागून उघडते. चेक प्रजासत्ताकातली एल्बी समोरून उघडते, म्हणजे गाडी फूटपाथकडे तोंड करून उभी केली की माणूस थेट फूटपाथवर उतरतो. हा शेवटचा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. तो का, ते आता सांगतो.

खुर्ची डिकीत चढवण्यासाठी पाळणा मिळतो. डिकीच्या एका बाजूला खांब, त्याला आडवा हात, गाडीच्या बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारी मोटर. चाळीस किलोंपासून दोनशे किलोंपर्यंत उचलणारे पाळणे जगात मिळतात. काहींत वर-खाली करायला मोटर असते आणि आत ढकलायचे काम हाताने. काहींत चारही हालचाली बटणावर. खुर्ची आत जाते, दार लागते. आणि खुर्चीची मालकीण? ती डिकीपाशी उभी असते. चालकाचे दार तीन मीटर पुढे. खुर्ची आत गेल्याक्षणी तिचे पाय गेले. हे तीन मीटर ज्यांना चालता येत नाही त्यांच्यासाठी डिकीतला पाळणा निरुपयोगी आहे, मग तो कितीही महाग असो. छपरावर खुर्ची ओढून घेणारी पेटीही असते, चालक आपल्या जागेवर बसून ती चालवतो. पण ती हाताने ढकलायच्या घडीच्या खुर्चीसाठी, मोटरीच्या वजनासाठी नव्हे. म्हणून गाडी बघायला निघण्याआधी एकच गोष्ट मोजावी: खुर्चीशिवाय किती पावले.

ताईची पावले मोजली. गाडीला हात टेकत सात-आठ. मागून चालकाच्या दारापर्यंत जेमतेम पुरतात. पण आपल्याकडे गाडी रस्त्याच्या डाव्या कडेला उभी राहते आणि चालक बसतो उजवीकडे. म्हणजे ही सात पावले रहदारीच्या बाजूने टाकायची. मागे रिक्षा, बाजूला एसटी. एल्बी करणाऱ्यांनी फूटपाथचा विचार केला तो यासाठीच. आम्ही तोडगा काढला तो साधा: पाळण्याचा खांब उजव्या अंगाला घ्यायचा, म्हणजे एक-दोन पावले वाचतात, आणि उजव्या बाजूला छपराखालून एक लांब दांडी बसवायची, धरायला. सोसायटीतल्या जागेत आणखी एक अडचण निघाली. मागे भिंत. डिकीचे दार वर उघडायला आणि खुर्ची उभी करायला मागे किमान दीड मीटर मोकळे लागते. गाडी उलटी लावायची सवय सोडावी लागणार.

गाड्या पाहायला आम्ही पुठ्ठ्याचे खोके घेऊन हिंडलो. मिटलेल्या खुर्चीच्या मापाचे, ८० बाय ६२ बाय ४०. शोरूममध्ये लोक हसायचे, पण त्या खोक्याने दहा मिनिटांत जे सांगितले ते माहितीपत्रकांनी सांगितले नसते. पहिली बाद झाली ती सीएनजीची सर्व जुन्या धाटणीची मॉडेल्स. टाकी डिकीतच आडवी बसलेली. टाटांनी २०२३ पासून अल्ट्रोझमध्ये एका मोठ्या टाकीऐवजी दोन लहान टाक्या डिकीच्या तळाखाली घातल्या, त्यामुळे वर जागा उरते. पण तळ उचलला जातो आणि खोक्याला वरून तेवढेच कमी मिळते. ईको खोक्याला सगळ्यांत आवडली. सरकते दार, मोकळा मागचा भाग, चौकोनी तोंड. पण ईकोला आपोआप बदलणारा गिअर नाही. ज्याचे दोन्ही हात ब्रेक, ॲक्सिलरेटर आणि चाक यांत गुंतलेले त्याने क्लच आणि गिअर कशाने सांभाळायचे? क्लचची सोय करून देणारे कारागीर आहेत, तरी अठ्ठावन्नाव्या वर्षी साताऱ्याच्या चढांवर ताईला ते नको होते. उरल्या उंच हॅचबॅक. बैठक इतकी उंच की खुर्चीतून तिच्यावर सरकताना ना चढावे लागते ना बुडावे लागते, स्वयंचलित गिअर, मागची सीट साठ-चाळीस अशी तुकड्यांत मिटणारी. वॅगन-आर या सगळ्यात बसते. तिच्या डिकीचा उंबरा मात्र उंच आणि आत तळ खोल. हाताने उचलणाऱ्याला हा दोष. पाळण्याला तो दोषच नाही, उलट खोलात ठेवलेली खुर्ची सरकत नाही.

एका शोरूममध्ये विक्रेता सगळी उत्तरे मला देत होता. शेवटी म्हणाला, "मॅडमबरोबर कुणीतरी असेलच ना." ताईने खोके उचलायला मला खुणावले आणि आम्ही बाहेर पडलो.

खुर्ची बांधण्याबद्दल दोन शब्द, कारण याकडे कुणी लक्ष देत नाही. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी आपटून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर मागे मोकळी ठेवलेली २८ किलोची खुर्ची सुमारे ४०० किलो वजनाच्या जोराने पुढे येते. सीटची पाठ तिच्यासाठी बनलेली नसते. तळाला बोल्टने बसवलेल्या कड्या आणि खटका असलेला पट्टा, एवढे पुरते, आणि तो एका हाताने ओढता आला पाहिजे. पावसाळ्यात नियंत्रणाच्या दांडीवर प्लास्टिकची पिशवी. बॅटरी उन्हात बंद गाडीत ठेवायची नाही.

कायद्याचे म्हणणेही मी वाचून काढले. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात अपंगांच्या गाडीची व्याख्या होती: खास त्यांच्यासाठी घडवलेली, केवळ फेरबदल केलेली नव्हे. म्हणजे बाजारातली गाडी घेऊन सोय करून घेणारी माणसे व्याख्येच्या बाहेर. २०१९ च्या दुरुस्तीने 'फेरबदल केलेले वाहन' हा शब्द आणला आणि ती आत आली. फेरबदलासाठी नोंदणी अधिकाऱ्याची परवानगी लागते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे ४१ वे कलम आणखी पुढे जाते. परवडणाऱ्या खर्चात वैयक्तिक हिंडणे-फिरणे शक्य व्हावे म्हणून सरकारने योजना कराव्यात, आणि त्यात वाहनांतील फेरबदल धरावेत, असे ते स्पष्ट म्हणते. प्रत्यक्षात सवलत होती ती गाडीच्या जीएसटीवर. चाळीस टक्के किंवा अधिक अस्थिव्यंग असणाऱ्याला २८ ऐवजी १८ टक्के, पण गाडी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत असेल तरच. मापे माणसाकडे बघून ठरवली, खुर्चीकडे बघून नव्हे: जड खुर्चीला ज्या मोठ्या गाड्या लागतात त्या नेमक्या सवलतीबाहेर. पुढे २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांचा दर सगळ्यांसाठीच १८ टक्के झाला आणि तो फरकही उरला नाही. पाळण्याचा, दांडीचा, हाताच्या ब्रेकचा खर्च ज्याचा त्याने करायचा.

ज्यांना हा सगळा खटाटोप झेपणारा नाही त्यांच्यासाठी एक वेगळी वाट आयआयटी मद्रासमधल्या संशोधनातून निघाली. निओबोल्ट. यात मोटर खुर्चीत नसतेच. हाताच्या खुर्चीला पुढून एक मोटरचे चाक जोडायचे, रस्त्यावर स्कूटरसारखे जायचे, पोचल्यावर काढून ठेवायचे. वजन दोन तुकड्यांत विभागले जाते. ताईच्या खांद्यांना हाताची खुर्चीच चालत नाही म्हणून आम्ही तिकडे गेलो नाही. खांदे शाबूत असलेल्या तरुणाने मात्र गाडीआधी हे पाहावे.

गाडी गेल्या महिन्यात आली. पाळण्याचा खांब कोल्हापूरच्या उद्यमनगरातला एक कारागीर करतो आहे; चाळीस किलोंचा, कारण खुर्ची अठ्ठावीसची. त्याने पहिल्याच भेटीत ताईला विचारले, बटण कुठल्या हाताला हवे. तिने डावा हात सांगितला. उजव्या हाताने ती दांडी धरणार आहे.