ओले गणवेश आणि छतावरची वीज



मागे एका अंकात आपल्या मुलींच्या वसतिगृहाच्या छतावरील सौर पॅनेलचा फोटो छापला होता. तो पाहून पुण्याच्या एका ताईंचे पत्र आले. त्यांनी विचारले होते, "आता तुमच्याकडे उन्हाची वीज आहे, तर पावसाळ्यासाठी कपडे सुकवण्याचे मशीन मी देणगी म्हणून पाठवू का?" पत्र वाचून डोळे भरून आले, पण लगेच "हो" लिहिता येईना. उत्तर लिहायला बसले ते चार पानांवर गेले. इतरही देणगीदारांच्या मनात हाच प्रश्न असेल असे वाटले, म्हणून ते उत्तर जरा नीट करून येथे देत आहे.

आधी अडचण सांगते. विदर्भात उन्हाळा कडक, म्हणून शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात. म्हणजे मुली पत्र्याची पेटी घेऊन केळापूर, झरी-जामणी, मारेगावकडच्या पोडांवरून येतात तेव्हा पाऊसही त्यांच्याबरोबरच येतो. यवतमाळची काळी माती एकदा गणवेशाला लागली की धुतल्याशिवाय गत्यंतर नसते. मे महिन्यात आमच्या अंगणात बादलीतला शेवटचा कपडा दोरीवर जाईपर्यंत पहिला वाळलेला असतो. जुलैत झड लागली की तोच कपडा तिसऱ्या दिवशीही हाताला गार लागतो. सकाळी प्रार्थनेच्या आधी एखादी लहानगी येऊन सांगते, "ताई, वलंच हाये अजून." आणि तेच अंगात घालून शाळेला जाते.

याचा परिणाम अंगावर दिसतो. काखेत, कमरेला, मांड्यांना गजकर्ण होते आणि एकीचे दुसरीला लागते. खरजेचे कारण वेगळे आहे. ती ओलाव्याने होत नाही, ती एका बारीक किडीमुळे होते. पण कपडे व पांघरुणे वेळेवर धुता-वाळवता आली नाहीत की तिचाही बंदोबस्त होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये खरजेला दुर्लक्षित रोगांच्या यादीत घातले. वसतिगृह चालवणाऱ्यांना हे सांगायला यादीची गरज नव्हती.

दुसरी गोष्ट आपल्या पत्रकात सहसा लिहिली जात नाही, पण लिहिते. मोठ्या मुलींपैकी काही जणी पाळीसाठी घरून आणलेली कापडे वापरतात. ती लाजेने दुसऱ्या कपड्यांच्या खाली, पेटीमागे, अंधारात वाळत घालतात. उन्हाळ्यातही हे वाईटच, पावसाळ्यात तर ती कधीच पुरती वाळत नाहीत. एका मुलीला त्यातून त्रास झाला आणि तिला दवाखान्यात न्यावे लागले. कपडे वाळवणे हे किरकोळ काम नाही, हे मला त्या दिवशी कळले.

आता विजेचा हिशोब. एक लिटर पाण्याची वाफ करायला साधारण ०.६८ युनिट ऊर्जा लागते. हा निसर्गाचा दर आहे, त्यात घासाघीस नाही. गरम हवेच्या मशीनमध्ये काही उष्णता बाहेर निघून जाते, म्हणून प्रत्यक्षात लिटरमागे एक युनिटच्या आसपास जाते. आमचे रोजचे धुणे कोरडे मोजले तर १२ किलो भरते. हाताने पिळल्यावर त्यात जवळजवळ १२ लिटर पाणी उरते. (कोठीतल्या ताणकाट्यावर मी दोन दिवस हेच मोजत बसले होते, आणि स्वयंपाकाच्या मावशी मला हसत होत्या.) म्हणजे मशीनला रोज १२ युनिट लागतील. आमची पॅनेल २ किलोवॅटची आहेत. लख्ख उन्हाच्या दिवशी ती सुमारे ८ युनिट देतात, दाट ढगांच्या दिवशी जेमतेम २. ज्या दिवशी मशीनची गरज, नेमक्या त्याच दिवशी वीज नाही. आणि ज्या दिवशी वीज भरपूर, त्या दिवशी अंगणातली दोरी पुरते.

मग वीज कशाला वापरायची? पहिले उत्तर, कपडे फिरवून पाणी काढायला. सेमी-ऑटोमॅटिक धुलाई मशीनच्या ज्या छोट्या टबाला आपण सगळे "ड्रायर" म्हणतो तो कपडे सुकवत नाही, गरगर फिरवून पाणी बाहेर फेकतो. पाण्याची वाफ करावी लागत नाही, म्हणून वीज अगदी थोडी लागते. आमचे १२ किलोचे धुणे तीन फेऱ्यांत, प्रत्येकी पाच मिनिटे फिरवले की कपड्यांत १२ ऐवजी साडेसहा लिटर पाणी उरते. त्या पंधरा मिनिटांना ०.०५ युनिट लागते. तेच साडेपाच लिटर उष्णतेने उडवायचे म्हटले तर पावणेचार युनिट लागले असते. एवढा फरक मला आधी कोणी सांगितला असता तर बरे झाले असते. एक खबरदारी मात्र घ्यावी लागते. मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट वीज ओढते. पंप चालू असताना ड्रायर लावला आणि इन्व्हर्टर बंद पडला, असे आमच्याकडे तीनदा झाले. आता पंप सकाळी चालतो, ड्रायर त्यानंतर.

उरलेले साडेसहा लिटर हवेने न्यायचे. इथे थोडे शास्त्र समजून घ्यावे लागते. मे महिन्यात ४३ अंश तापमान आणि अगदी कोरडी हवा असते. तेव्हा एक घनमीटर हवा ओल्या कपड्यांवरून गेली तर सुमारे १० ग्रॅम पाणी उचलू शकते. पावसाळ्यात २८ अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर तीच हवा एक ग्रॅमच्या जरा वर उचलते आणि तिचे पोट भरते. म्हणून पावसाळ्यात हवा गरम करण्यापेक्षा ती भरपूर बदलत राहणे हे महत्त्वाचे. साडेसहा लिटरसाठी निदान पाच-सहा हजार घनमीटर हवा खोलीतून जायला हवी. पहिल्या वर्षी आम्ही नेमके उलटे केले. बाहेरचा दमटपणा आत येऊ नये म्हणून खिडक्या लावून घेतल्या आणि पंखे सोडले. दोन तासांत भिंतींना घाम फुटला, आणि सगळ्या कपड्यांना तो कुबट वास, जो पुढे साबणानेही जात नाही.

आता जुन्या कोठीची वाळवणीची खोली केली आहे. एका भिंतीला खाली जाळीची मोकळी जागा, समोरच्या भिंतीला वर १५ इंची एक्झॉस्ट फॅन. तो तासाला दोन हजार घनमीटरच्या वर हवा बाहेर टाकतो. छताला कमी विजेचे, ३० वॅटचे दोन पंखे आहेत. दोऱ्या एक वीत अंतराने बांधल्या आहेत आणि एका दोरीवर दुहेरी कपडा टाकायचा नाही हा नियम आहे. खिसे उलटे, कमरपट्टी वर. एका कोपऱ्यात, एक्झॉस्टच्या अगदी जवळ, पडदा लावून मोठ्या मुलींची वेगळी दोरी आहे. तिकडे त्यांच्याशिवाय कोणी जात नाही. हा पडदा लावायला खर्च जवळजवळ काही आला नाही, आणि या सगळ्या खटाटोपात मला त्याचेच समाधान सर्वांत जास्त आहे.

खोली सकाळी दहा ते दुपारी चार चालते. सहा तासांत एक्झॉस्ट, दोन्ही पंखे आणि ड्रायर मिळून एक युनिट जाते. ढगाळ दिवशीच्या दोन युनिटांत ते बसते, आणि उरलेल्यातून रात्रीच्या अभ्यासाचे दिवे चालतात. पातळ कपडे त्याच दिवशी वाळतात. गणवेशाच्या जाड शिवणी आणि चादरी यांना झडीत दुसरा दिवस लागतो.

दहा ते चारच का, याचे उत्तर देताना मला एक चूक कबूल करायची आहे, कारण तिच्यात तुमचे पैसे गेले. आमच्याकडे १५० अँपिअर-तासाच्या, १२ व्होल्टच्या दोन शिशाच्या बॅटऱ्या होत्या. कागदावर त्यांत ३.६ युनिट मावतात. पण शिशाची बॅटरी निम्म्याखाली रिकामी करू नये, म्हणजे हाताशी १.८. मला हे ठाऊक नव्हते. सकाळी कोरडे कपडे मिळावेत म्हणून मी पहिल्या पावसाळ्यात ७५ वॅटचे चार जुने पंखे रात्रभर, दहा तास, कपड्यांवर चालू ठेवले. म्हणजे रोज तीन युनिट. दुसऱ्या दिवशी ढग, दोन युनिट आले, बॅटरी भरली नाही, आणि त्या रात्री पुन्हा पंखे. अर्धवट रिकामी बॅटरी तशीच पडून राहिली की आतल्या पट्ट्यांवर खडे धरतात आणि ती पुढे भरूनच घेत नाही. दुसरा पावसाळा संपायच्या आत दोन्ही बॅटऱ्या गेल्या. कंपनीचा दोष नव्हता, माझा होता. आणि कपडे तरी वाळत होते का? फारसे नाहीत. रात्री हवा थंड होते तशी आर्द्रता ९० टक्क्यांच्या वर जाते. मी मंडळ्यांच्या देणगीच्या पैशाने ओली हवा ओल्या कपड्यांवर फिरवत होते.

बॅटरीतून घेतलेली वीज तशीही महाग पडते. शिशाच्या बॅटरीत टाकलेल्या वीजेचा पाचवा-चौथा हिस्सा भरताना-काढताना वाया जातो. नव्या लिथियम बॅटरीत हे नुकसान दहा टक्क्यांच्या आसपास असते आणि ती बरीच खालपर्यंत वापरता येते, पण किंमत जास्त. तेव्हा जे काम उजेडी होऊ शकते ते पॅनेलच्या चालू वीजेवरच उरकावे आणि बॅटरी अंधारासाठी ठेवावी. इस्त्रीही तशीच. विजेची इस्त्री ७५० ते १००० वॅट खाते. ती फक्त रविवारी दुपारी, ऊन असेल तर.

रात्रीचे वाळवणे आम्हाला का लागत होते, हा खरा प्रश्न मी उशिरा विचारला. कारण बहुतेक मुलींकडे गणवेश एकच होता! संध्याकाळी धुतला तर सकाळी घालायला हवा. दुसरा गणवेश दिल्यावर एक अंगावर, एक दोरीवर, आणि सगळी घाई संपली. दुसऱ्या गणवेशांसाठी जो खर्च आला तो त्या दोन बॅटऱ्यांपेक्षा फार नव्हता.

खरजेच्या बाबतीत विजेची अजिबात गरज न पडणारा उपाय आहे. डॉक्टरांनी दिलेले मलम सर्व मुलींनी एकाच दिवशी लावायचे, आणि जी पांघरुणे धुऊन वाळणे शक्य नाही ती प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवायची. ती कीड माणसाच्या अंगाबाहेर साधारण दोन-तीन दिवसांपलीकडे जगत नाही. धुणे असेल तर ५० अंशांच्या वरच्या कढत पाण्यात.

मुली सुटीत घरी जातात तेथे ड्रायर नाही. आपल्या बऱ्याच मुली कोलाम आहेत. महाराष्ट्रातील तीन आदिम जमातींपैकी ही एक, दुसऱ्या दोन कातकरी आणि माडिया गोंड. या जमातींसाठी १५ नोव्हेंबर २०२३ रोजी पीएम-जनमन योजना सुरू झाली, आणि जिथे तारेची वीज पोचत नाही अशा घरांना छोटे सौर संच देणे हाही तिचा भाग आहे. अशा संचावर दिवे आणि एखादा पंखा चालतो, मोटर नाही. म्हणून मुलींना दोघींनी मिळून पिळायला शिकवले आहे. कपडा खांबाला वळसा घालून धरायचा आणि दोन्ही टोके एकत्र करून पीळ घालायचा. एकटीने पिळण्यापेक्षा बरेच जास्त पाणी निघते. मग वळचणीखाली, वारा लागेल असे सुटे वाळत घालायचे. चुलीवरच्या दांडीवर वाळवलेल्या कपड्याला धुराचा वास येतो म्हणून शहरातले लोक नाक मुरडतात, पण तो कपडा कोरडा असतो.

ज्या वाचकांच्या स्वतःच्या घरावर पॅनेल आहेत किंवा बसवायची आहेत त्यांच्यासाठी दोन शब्द. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत घरगुती ग्राहकाला १ किलोवॅटला ३०,००० रुपये, २ किलोवॅटला ६०,००० आणि ३ किंवा त्याहून जास्तला ७८,००० रुपये केंद्राचे अनुदान आहे. मात्र बॅटरी नसलेला, फक्त तारेला जोडलेला संच वीज गेली की भर उन्हातही बंद पडतो. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला धक्का बसू नये म्हणून तो तसाच बनवलेला असतो. आमच्या भागात पावसाळ्यात वीज वारंवार जाते, म्हणून आम्ही बॅटरीचा संच घेतला. शहरात वीज टिकत असेल तर बॅटरीवर खर्च करण्याआधी विचार करा. आणि सुकवण्याचे मशीन घ्यायचेच असेल तर हीट पंपाचे घ्या. साध्याच्या निम्म्याच्या आसपास वीज लागते. ते दुपारी लावा.

पुण्याच्या ताईंना मी हे सगळे कळवले आणि विचारले की मशीनऐवजी लहान मुलींच्या दुसऱ्या गणवेशांचे काही जमेल का. अजून अकरा जणींकडे एकच आहे. आठ दिवसांत त्यांचे उत्तर आले. त्यांनी मापे मागवली आहेत. पोळ्याच्या आत गणवेश शिवून येतील असा आमचा अंदाज आहे, आणि ड्रायरच्या टबाचा एक रबरी पट्टा झिजला आहे, तो यवतमाळहून आणायला उद्या कोणाला तरी पाठवायचे आहे.