गॉथिक दूरचित्रमालिकेचे आकर्षण : 'डार्क शॅडोज'च्या अनुषंगाने काही विचार

वाङ्मयाच्या अभ्यासकाने ज्या कलाप्रकारांकडे वळू नये असा एक अलिखित संकेत आहे, त्यांमध्ये दैनंदिन दूरचित्रमालिकेचा क्रमांक बराच वर लागेल. या प्रकाराचे इंग्रजी नावच मुळी उपहासाचे आहे. 1930 च्या दशकात अमेरिकेत दुपारच्या वेळी गृहिणींसाठी ज्या कौटुंबिक श्रुतिका प्रसारित होत, त्यांचा खर्च बहुधा साबण विकणाऱ्या कंपन्या सोशीत; त्यावरून त्यांना 'सोप ऑपेरा' असे म्हणू लागले, आणि पुढे हा प्रकार दूरचित्रवाणीवर आला तेव्हा ते नावही त्याच्यामागून आले. होरेस वॉल्पोलच्या 'द कॅसल ऑफ ओट्रान्टो'पासून, म्हणजे 1764 पासून, सुरू झालेल्या गॉथिक कादंबरीकडेही गंभीर टीकेने दीर्घकाळ संशयानेच पाहिले. या दोन अप्रतिष्ठित प्रकारांचा संकर 1966 मध्ये अमेरिकेच्या एबीसी या वाहिनीवर झाला. त्यातून निर्माण झालेल्या 'डार्क शॅडोज' या मालिकेचा प्रेक्षकवर्ग अर्ध्या शतकाहून अधिक काळ लोटला तरी नाहीसा झालेला नाही. हे कसे घडले, हा प्रश्न केवळ लोकरंजनाच्या इतिहासाचा नव्हे, कथनशास्त्राचाही आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. डॅन कर्टिस याच्या कल्पनेतून निघालेली ही मालिका 27 जून 1966 ते 2 एप्रिल 1971 या काळात आठवड्याचे पाच दिवस, रोज अर्धा तास, अशी चालली. तिचे भाग 1225 भरतात. व्हिक्टोरिया विंटर्स नावाची एक अनाथ तरुणी मेन राज्यातील कॉलिन्सपोर्ट या कल्पित गावी, कॉलिन्स घराण्याच्या समुद्रकाठच्या वाड्यात, एका मुलाची शिक्षिका म्हणून येते. घराची मालकीण एलिझाबेथ गेली अठरा वर्षे वाड्याबाहेर पडलेली नाही. शार्लट ब्राँटेची 'जेन एअर' वाचलेल्यास हा प्रारंभ परिचयाचा वाटेल, आणि तो तसा वाटावा हाच हेतू होता. पहिले काही महिने प्रेक्षक थोडे होते. मग कथेत भुते आली. एप्रिल 1967 मध्ये, दागिन्यांच्या लोभाने एका शवपेटीची साखळी तोडली जाते आणि बार्नबस कॉलिन्स हा रक्तपिपासू पूर्वज बाहेर येतो. त्याला काही आठवड्यांपुरते ठेवून नष्ट करावयाचे, असा मूळ बेत होता. तो फसला, आणि मालिका तरली.

या मालिकेच्या आकर्षणाचे एक सोपे स्पष्टीकरण नेहमी पुढे केले जाते. चित्रफितीचे संपादन त्या काळी खर्चाचे असल्यामुळे प्रत्येक भाग रंगभूमीवरील अंकाप्रमाणे सलग चित्रित होई, आणि चूक झाली तरी सहसा तशीच राहू दिली जाई. त्यामुळे ध्वनिग्राहकाची सावली भिंतीवर पडते, नटांच्या ओळी चुकतात, दगडी म्हणून दाखविलेली भिंत हाताचा धक्का लागताच हलते. प्रेक्षक हसण्यासाठी बघतात, असे हे मत. यात तथ्य नाही असे नव्हे, पण ते अपुरे आहे. केवळ हसण्यासाठी कोणी 1225 भाग पाहत नाही; पाचदहा भागांत ती हौस फिटते.

अभिनवगुप्ताने रसास्वादाच्या ज्या सात विघ्नांची गणना केली आहे, तीत प्रतीतीच्या साधनांचे वैकल्य हे एक विघ्न आहे. हलणारी भिंत हे त्याचे ठळक उदाहरण ठरावे. तथापि येथे ते विघ्न अपेक्षेप्रमाणे बाधक ठरत नाही, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. बार्नबसची भूमिका करणारा जोनाथन फ्रिड हा कॅनडाचा नट रंगभूमीवर तयार झालेला होता. रोज नवे संवाद पाठ करणे त्याला जड जाई, आणि वाक्याच्या मध्येच तो पुढचा शब्द शोधीत थांबे. पण प्रेक्षकाने तो विराम नटाचा न मानता पात्राचा मानला. दीडशेहून अधिक वर्षे पेटीत पडून राहिलेला मनुष्य माणसांशी बोलताना अडखळणारच! उच्चारातील विराम हा अर्थवाहक असतो हे भाषाविज्ञानाला नवे नाही. मात्र वक्त्याच्या हेतूवाचून आलेला विराम ऐकणाऱ्याने संदर्भाच्या बळावर अर्थपूर्ण करून घ्यावा, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचित आढळेल.

तरीही खरे कारण याहून खोल, कथनाच्या कालरचनेत आहे. गॉथिक कादंबरीचा विषय एकच : न संपलेला भूतकाळ. पूर्वजाचे पाप, कुलूपबंद खोली, भिंतीवरचे चित्र ही सारी त्याचीच रूपे. परंतु कादंबरीला शेवट असतो. रहस्य उलगडते, वाडा जळतो किंवा कोसळतो आणि वाचक मोकळा होतो. म्हणजे ज्या भूतकाळाला अंत नाही असे कादंबरी सांगत असते, त्याचा अंत तिला स्वतःच करावा लागतो. दैनंदिन मालिकेवर ही सक्ती नाही. तिला शेवट नको असतो. प्रायोजक आणि प्रेक्षक आहेत तोवर ती चालावयाची. गॉथिक आशयाला हवे असलेले रूप असे दुपारच्या जाहिरातींमध्ये त्याला सापडले. ज्याला मरण येत नाही असा नायक आणि जिला शेवट नाही अशी कथा, यांची ही गाठ कोणी योजून मारलेली नव्हती. बार्नबसला मारण्याचा बेत सोडून द्यावा लागला, तेव्हा ती आपोआप पडली.

रोजच्या रोज चालणाऱ्या कथेत रहस्य फार काळ टिकवावे लागते. ते टिकविण्याचे साधन म्हणजे संभाषण. सोप ऑपेराचा जन्म श्रुतिकेतून झाल्यामुळे त्याला दृश्यापेक्षा शब्दाचा आधार अधिक, आणि घरकाम करता करता ऐकणाऱ्या श्रोत्याला धागा सापडावा म्हणून एकच घटना तीनचार पात्रांच्या तोंडून पुनःपुन्हा सांगण्याची त्याची रीत. ही पुनरावृत्ती टीकाकारांना कंटाळवाणी वाटते. पण 'डार्क शॅडोज'मध्ये घटना सांगणारे प्रत्येक पात्र ती कमीजास्त लपवून सांगते, आणि प्रेक्षकाला मात्र सारे ठाऊक असते. बार्नबस स्वतःची ओळख इंग्लंडहून आलेला दूरचा भाऊबंद अशी करून देतो, आणि वाड्यातले लोक त्याच्या चेहऱ्याचे पूर्वजाच्या चित्राशी असलेले साम्य कौतुकाने न्याहाळतात. त्यानंतरचे त्याचे प्रत्येक सभ्य वाक्य द्व्यर्थी होते. दिवसा आपण कामात असतो, एवढे साधे विधानदेखील!

याच संदर्भात एक भाषिक बाब लक्षणीय आहे. बार्नबस आल्यानंतर कित्येक महिने 'व्हॅम्पायर' हा शब्द कोणाच्या तोंडी येत नाही. गाईंचे रक्त शोषले जाते, मुलींच्या गळ्यावर खुणा उमटतात, वैद्य येतात, चर्चा होते. शब्द तेवढा येत नाही. मराठी वाचकाला या वर्ज्यतेचे मर्म सांगावयास नको. रात्री सापाचे नाव न घेता 'लांबडे' किंवा 'जनावर' म्हणणारी, बांगडी फुटली असे न म्हणता ती 'वाढवली' म्हणणारी भाषा त्याची आहे. नाव घेतल्याने वस्तू उपस्थित होते, ही श्रद्धा त्या वापरामागे आहे. मालिकेच्या लेखकांनी हा शब्द श्रद्धेने टाळला की सावधगिरीने, हा प्रश्न गौण होय. परिणाम असा झाला की, प्रेक्षक तो शब्द मनात घेऊन बसला आणि पात्रांपेक्षा एक शब्द अधिक जाणणारा ठरला. भयानक रसाचा परिपोष येथे दर्शनाने होत नाही, अनुच्चाराने होतो.

नोव्हेंबर 1967 मध्ये मालिकेने घेतलेले वळण याहूनही धाडसी होते. प्रेतात्म्याला आवाहन करण्याच्या एका बैठकीत व्हिक्टोरिया नाहीशी होते आणि 1795 सालच्या कॉलिन्स घराण्यात जाऊन पोचते. पुढील काही महिने सारी कथा तेथेच घडते. नटसंच तोच, पात्रे मात्र पूर्वजांची. एकच मुद्रा, नाव दुसरे. ओळखीचा चेहरा पाहून व्हिक्टोरिया चुकीच्या नावाने हाक मारते, आणि ज्या ज्ञानामुळे ती सुरक्षित असावयास हवी, त्याच ज्ञानामुळे तिच्यावर चेटकीण असल्याचा खटला भरला जातो. जोसेटचा कड्यावरून पडून मृत्यू झाला, हे प्रेक्षक कित्येक महिन्यांपूर्वी ऐकून चुकलेला आहे. तो कसा आणि का, एवढेच पाहावयाचे उरते. अँजेलिक या दासीच्या विफल प्रेमातून निघालेला शाप बार्नबसवर पडतो, तेव्हा भयाची जागा करुणेने घेतलेली असते. आधी सांगितलेल्या आणि आता दाखविलेल्या कुलवृत्तान्तात विसंगती आहेत हे खरे. पण कोणत्या जुन्या घराण्याच्या कुलवृत्तान्तात त्या नसतात?

पुढे 1897, समांतर काळ, 1840 असे अनेक प्रवास झाले. त्यांत 'फ्रँकेन्स्टाइन', 'द टर्न ऑफ द स्क्रू', डोरियन ग्रेचे चित्र, पो आणि लव्हक्राफ्ट यांच्या कथा यांची सढळ उचल आहे. सगळे सारखे साधलेले नाही. 1970 चा बराचसा भाग सैल आहे. क्वेंटिनचे भूत मात्र उल्लेखनीय, कारण प्रारंभी ते बोलतच नाही. त्याच्या येण्याची खूण म्हणजे जुन्या ग्रामोफोनवरील एक सुरावट, आणि रॉबर्ट कोबर्टने रचलेली ती सुरावट 1969 मध्ये स्वतंत्र ध्वनिमुद्रिका म्हणून लोकप्रिय झाली.

त्या वर्षांतील अमेरिकेच्या अस्वस्थतेशी, व्हिएतनामच्या युद्धाशी या मालिकेचा संबंध जोडण्याचा मोह होतो. मोहापलीकडे त्याला फारसे महत्त्व देण्याचे कारण नाही. दुपारी साडेतीन किंवा चारची तिची वेळ अधिक निर्णायक ठरली. शाळा सुटल्यावर मुले धावत घरी येत आणि आईच्या शेजारी बसून पाहत. भीतीची पहिली ओळख दिवसाउजेडी, ओळखीच्या खोलीत झाली. आज वृद्धत्वाकडे झुकलेला जुना प्रेक्षक या मालिकेविषयी ज्या जिव्हाळ्याने बोलतो, त्याचे मूळ तेथे आहे. ज्या वाचकांनी 2016 मध्ये 'रात्रीस खेळ चाले' या मालिकेतील कोकणातला वाडा आणि नाईकांचे घर आप्तांसह पाहिले असेल, त्यांना घरात बसून दुसऱ्या घराची भीती अनुभवण्यातले हे सुख समजण्यास अडचण पडू नये.

या साऱ्या विचाराला साधन मिळाले ते एका योगायोगाने. त्या काळच्या बहुतेक दैनंदिन मालिकांच्या चित्रफिती पुसून पुन्हा वापरण्यात आल्या. त्यांविषयी आज केवळ ऐकीव माहितीवर बोलावे लागते. 'डार्क शॅडोज'चा एक भाग वगळता सर्व भाग कोणत्या ना कोणत्या रूपात शिल्लक आहेत, आणि हरवलेल्या भागाचे ध्वनिमुद्रण आहे. म्हणूनच पुढे तिचे पुनःप्रसारण झाले, घरगुती चित्रफिती निघाल्या, 1991 मध्ये नवी मालिका आणि 2012 मध्ये टिम बर्टनचा चित्रपट आला. दोन्हींत देखावे उंची आहेत. परंतु चित्रपटाला दोन तासांत शेवट गाठावयाचा होता, आणि नव्या मालिकेला अवघे बारा भाग मिळाले.

मूळ मालिकेचा शेवटही विलक्षण म्हणावा असा आहे. अखेरच्या कथानकात बार्नबस नाही. फ्रिड निराळ्याच भूमिकेत आहे. शेवटच्या भागात एका स्त्रीच्या गळ्यावर दंशाच्या खुणा आढळतात, आणि आता काय होणार हे जाणणारा प्रेक्षक सावरून बसतो. तोच निवेदकाचा आवाज सांगतो की, तो दंश एका जनावराचा होता, ती स्त्री बरी झाली, आणि त्या घरात पुढे सर्व सुखाने नांदले. दुसऱ्या सोमवारी त्या वेळेला 'पासवर्ड' नावाचा शब्दांचा खेळ सुरू झाला.