लष्करी जीप : अस्सल भाग कसा ओळखाल?

दुसऱ्या महायुद्धातील लष्करी जीप दुरुस्तीला आली, की अस्सल सुटे भाग शोधणे हेच मोठे काम होऊन बसते. मोऱ्याहून लाँचने भाऊच्या धक्क्यावर उतरून चोरबाजार गाठणाऱ्या कारागीर बांधवांसाठी आम्ही काही खुणा देत आहोत.

1945 साली 'महिंद्रा अँड मोहम्मद' नावाने सुरू झालेल्या कंपनीने पुढे विलीजच्या मुलकी जीप मुंबईत जुळवल्या. त्यामुळे लष्करी आणि मुलकी भागांची सरमिसळ होते. लष्करी जीपच्या पत्र्याच्या जाळीला नऊ फटी, मुलकी जीपला सात. चासीचा पुढचा आडवा दांडा विलीजचा गोल नळीचा, फोर्डचा चौकोनी. फोर्डच्या भागांवर, बोल्टच्या डोक्यावरसुद्धा, 'एफ' ठोकलेला असतो.

अमेरिकी जीपच्या बॉनेटवरील क्रमांक 20 ने सुरू होई. जुन्या रंगाचे थर हलक्या हाताने घासल्यास तो कधी कधी सापडतो. मात्र 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी आहे. गिऱ्हाइकाला हे आधीच सांगावे.

नवा भाग घडवून विकण्यात गैर काही नाही. पण त्यावर 'एफ' ठोकून तो जुना म्हणून विकणे ही फसवणूक होय. बिलावर 'नवीन घडवलेला' असे स्पष्ट लिहा. गिऱ्हाईक पुन्हा तुमच्याच दुकानी येईल.