पनवेलच्या हवेची मोजणी: कोण आलं, कोण राहिलं

ऑगस्ट 2017मध्ये तळोजा एमआयडीसीतले निळे पडलेले कुत्रे देशभर गाजले. कारखान्यातला रंग त्यांच्या अंगाला लागला होता. प्रदूषण नियंत्रण मंडळाने तो कारखाना बंद केला. जानेवारी 2021मध्ये ‘वातावरण’ संस्थेने खारघरला पांढऱ्या कृत्रिम फुफ्फुसांचा फलक उभारला आणि थोड्याच दिवसांत ती फुफ्फुसं काळी पडली. पनवेलच्या प्रदूषणाच्या या दोन्ही आठवणी लोकांना हलवून गेल्या. पण दोन्हींत माणूस कुठेच नाही. इथे राहणाऱ्या कुणाच्या अंगात काय आणि किती जातं, याचं उत्तर कुत्रा देत नाही आणि फलकही देत नाही.

ते उत्तर शोधण्याची वाट मुंबईत फार पूर्वी घातली गेली. 1970च्या दशकाच्या उत्तरार्धात केईएम रुग्णालयाच्या डॉ. एस. आर. कामत यांनी कमी-जास्त प्रदूषणाच्या तीन शहरी वस्त्या आणि तुलनेसाठी एक ग्रामीण वस्ती घेतली. चार हजारांवर लोक तपासले आणि पुढे त्यांचा पाठपुरावाही केला. आधी वस्ती ठरली, मग माणसं. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. नुसते दवाखान्यात आलेले खोकलेकरी मोजले असते, तर सगळं शहरच आजारी दिसलं असतं.

साधारण त्याच काळात, 1979 ते 1985, अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने बेयॉन आणि एलिझाबेथ या कारखान्यांच्या शहरांसह अनेक ठिकाणी सुमारे 600 रहिवासी निवडले. निवड यादृच्छिक होती, त्यामुळे हे 600 जण लाखो लोकांच्या वतीने बोलू शकत होते. प्रत्येकाने हवा ओढणारा छोटा पंप दिवसरात्र जवळ बाळगला. बेन्झीनसारखी कित्येक द्रव्यं बाहेरच्यापेक्षा घरातच जास्त सापडली: सिगारेट, रंग, साफसफाईची रसायनं, ड्रायक्लीन केलेले कपडे. चौकातल्या यंत्राला हे कधीच कळलं नसतं.

पनवेलमध्ये असा नमुना काढायचा तर पहिली अडचण यादीची. महापालिका ऑक्टोबर 2016मध्ये झाली. तिच्या हद्दीत 2011च्या जनगणनेत सुमारे पाच लाख लोक होते. त्यानंतर खारघर-तळोज्यात किती इमारती उठल्या! जुन्या यादीतून चिठ्ठ्या काढल्या तर नवं शहर वगळलं जातं. मतदारयादी घेतली तर ठेकेदाराच्या खोल्यांत राहणारा परप्रांतीय कामगार सुटतो, आणि सर्वात जास्त धूर-धूळ त्याच्याच वाट्याला येते. म्हणून आधी थर पाडावे लागतील: तळोज्यालगतची गावं, कासाडी नदीकाठचे मच्छीमार, कळंबोलीच्या लोखंड बाजारातले हमाल, विमानतळाच्या कामावरचे मजूर, नवीन पनवेलच्या सोसायट्या. छोट्या थरांतून मुद्दाम जास्त माणसं घ्यायची आणि हिशेबात त्यांना योग्य तेवढंच वजन द्यायचं.

दुसरी अडचण दाराची. सकाळी अकराला बेल वाजवली तर आजी-आजोबा भेटतात; पाळीवरचा कामगार भेटत नाही. बंद दार दिसलं की शेजारचं घर घेण्याचा मोह आवरायला हवा, रात्री किंवा रविवारी पुन्हा जायला हवं. खर्च वाढतो तो इथेच, आणि पहिली काटछाटही इथेच होते. हा खर्च कुणीही कापू नये. 2027च्या जनगणनेसाठी गावं आणि वॉर्ड पुन्हा गटांत विभागले जात आहेत; नमुन्याची नवी चौकट त्याच गटांवर बांधता येईल.