गाव आणि जमीन (लेखांक ५) : मालवण मुलखातली वाडी, सातबारा आणि वाट

घाटावरच्या गावात घराला घर लागून असते, वस्ती पांढरीत आणि शेती काळीत. मालवण तालुक्यातला गाव असा एका जागी सापडत नाही. तो डोंगराच्या उतारावर, व्हाळाच्या काठाने, माडांच्या सावलीत विखुरलेला असतो आणि त्याच्या प्रत्येक तुकड्याला वाडी म्हणतात. भराडी देवीच्या जत्रेमुळे महाराष्ट्रभर ठाऊक झालेली आंगणेवाडी ही मसुरे गावाची अशीच एक वाडी. वाडीत बहुधा एकाच आडनावाची घरे जास्त, कारण मुळात एका पुरुषाने वसवलेल्या जागेवर त्याच्या वंशजांची घरे वाढत गेलेली असतात. इथल्या मालमत्तेचा सारा गुंता या वाढीतून आला आहे.

जमिनीची उतरंड उंचीप्रमाणे ठरते. सगळ्यात वर सडा, म्हणजे जांभ्याचा उघडा कातळ; पावसाळ्यात त्यावर गुरे चरतात. त्याखाली वरकस आणि भरड जमीन. पूर्वी इथे नाचणी आणि वरी होत असे, आता काजू आणि हापूसची कलमे दिसतात. रोजगार हमी योजनेशी जोडलेली फळबाग योजना १९९० नंतर आली आणि वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काढलेल्या वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ या काजूच्या जाती डोंगरावर चढल्या. त्याखाली घर आणि परडे. तळाला मळा. मळ्यातल्या भाताच्या तुकड्यांना कुणगे म्हणतात आणि दोन कुणग्यांमधल्या बांधाला मेर. वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, पण जवळपास सगळा चार महिन्यांत. म्हणून पावसाळी भात हे मुख्य पीक. जिथे व्हाळाला कच्चा बांध घालून पाणी अडवता येते तिथे वायंगणी भात निघते, इतरत्र उरलेल्या ओलीवर कुळीथ किंवा चवळी. धामापूरच्या तलावाखालची शेती याला अपवाद आहे. हा तलाव १५३० साली बांधला गेला आणि त्याचे पाणी आजही शेतीला मिळते.

जावा बेटावरच्या खेड्यातही जमिनीचे असेच तीन थर मानतात : पाण्याखालची भातजमीन ती सावाह, कोरडवाहू ती तेगाल आणि घराभोवतालची मिश्र झाडांची बाग ती पेकारांगन. मालवणी परडे हे या पेकारांगनचे सख्खे भावंड आहे. माड, पोफळ, फणस, केळी, अळू, मिरवेल, जास्वंद आणि कोपऱ्यात बाव एवढे सगळे काही गुंठ्यांत मावते. रोजच्या स्वयंपाकाला मळ्यापेक्षा परड्याचाच आधार मोठा.

घरही शेतीच्या कामानुसार घडलेले असते. चिऱ्याच्या भिंती, कौलारू छप्पर, पुढे पडवी आणि तिच्यापुढे खळे. पावसाने खळ्याची माती उखडते, शेवाळ धरते. म्हणून पाऊस सरला की ते खणून, पाणी शिंपून, चोपण्याने चोपून पुन्हा सपाट करतात आणि शेणाने सारवतात. वर माडाच्या झावळ्यांचा माटव घालतात. तिथेच मळणी होते, कोकमे वाळतात, लग्नाची पंगत बसते. परड्याच्या हद्दीला चिऱ्याचे तुकडे आणि गोटे चुन्याशिवाय रचलेला गडगा असतो. त्याचा एक दगड हातभर सरकला तरी दोन घरांतले बोलणे बंद होते.

मालकीचा इतिहास तालुक्यागणिक बदलतो. मालवण १८१२ साली इंग्रजांकडे गेले, पण शेजारचे कुडाळ सावंतवाडी संस्थानात राहिले. आचरे गाव श्री देव रामेश्वराला इनाम. आंबोली, चौकुळ आणि गेळे इथल्या कबुलायतदार गावकर जमिनी गावकरांच्या सामूहिक नावाने होत्या आणि त्यांच्या वाटपाचा प्रश्न दशकानुदशके रेंगाळला. खोती असलेल्या गावांत खोत सारा वसूल करी. १९४९ च्या मुंबई खोती निर्मूलन कायद्याने ती पद्धत संपली. त्याहून खोल परिणाम केला तो १९४८ च्या कुळकायद्याने. १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी कसणारे कूळ कायद्याने जमिनीचे मालक ठरले. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या मळ्यात राबलेल्यांना त्यामुळे न्याय मिळाला, यात शंका नाही. मात्र एक धास्तीही मागे राहिली : जमीन दुसऱ्याला कसायला दिली की कूळ लागते. मुंबईतले मालक म्हणूनच आजही मळा पड ठेवतात, पण शेजाऱ्याच्या हाती देत नाहीत.

दुसरा गुंता सामाईक सातबाऱ्याचा. आजोबा वारले की वारसांची नावे फेरफाराने चढतात, पण वाटप होत नाही. तीन पिढ्यांत त्या उताऱ्यावर चाळीस नावे सहज होतात. कोणी लालबागला, कोणी डोंबिवलीला, कोणी परदेशात. २००५ च्या हिंदू वारसा कायद्यातल्या दुरुस्तीने मुलींचा हक्क मुलांच्या बरोबरीचा झाला. तो रास्तच आहे, पण गावाकडच्या तोंडी वाटण्यांत आजही पुष्कळदा धरला जात नाही. तोंडी वाटणीत हा कुणगा थोरल्याचा, तो फणस धाकट्याचा, पाण्याजवळचे माड मधल्याचे असे ठरते आणि निभावतेही. अडते ते कर्ज काढताना, विहिरीला अनुदान मागताना, घर पाडून बांधताना. तेव्हा कागदावरच्या प्रत्येक नावाची सही लागते.

ही नावे गावाबाहेर का गेली याचे उत्तर वाटांमध्ये आहे. खाड्यांनी चिरलेल्या या मुलखात रस्ता उशिरा आला. खाडी ओलांडायला तर आणि होडी, व्हाळावर साकव, घाटावर जायला फोंड्याची किंवा गगनबावड्याची वाट. मुंबईला जायला समुद्रच जवळचा. किनाऱ्याने चालणारी बोट मालवणसमोर खोल पाण्यात थांबे आणि उतारू पडावांतून किनाऱ्यावर येत. त्याच बोटींनी गिरणगावाला माणसे पुरवली. एका गावाचे चाकरमानी एका गाळ्यात राहत आणि मनिऑर्डर गावी पाठवत. शेती मागे राहिलेल्या बायांनी सांभाळली. २०११ च्या जनगणनेतही सिंधुदुर्गात हजार पुरुषांमागे १,०३६ स्त्रिया होत्या, आणि २००१ मध्ये ८,६८,८२५ असलेली लोकसंख्या ८,४९,६५१ वर उतरली होती.

पुढे एसटीने वाडीच्या तोंडापर्यंत माणूस आणला. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वेचे लोकार्पण झाले. ती मालवण तालुक्यातून जात नाही. कुडाळ, सिंधुदुर्गनगरी किंवा कणकवलीला उतरून पुढे एसटी नाहीतर रिक्षा. चिपीचा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ ला उघडला. पण इथल्या प्रवासाचे वेळापत्रक अजूनही देवाधर्माचे आहे. आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख पंचांगात नसते. ती देवीच्या कौलाने ठरते आणि जाहीर होताच मुंबईत तिकिटांची धावपळ सुरू होते.

सगळ्यात वेगळा प्रवास आचरे, चिंदर आणि वायंगणी या गावांचा. काही वर्षांच्या अंतराने, देवाच्या कौलाने, गावपळण होते. घरे बंद करून, गुरे, कोंबड्या, कुत्री बरोबर घेऊन सारा गाव वेशीबाहेर जातो आणि झावळ्यांच्या झोपड्यांत तीन दिवस, तीन रात्री राहतो. परतायलाही कौल लागतो. तेवढ्या दिवसांपुरती का होईना, मळे, माड, गडगे, सातबारा हे सगळे मागे ठेवून माणसे एकत्र जेवतात.

चतुर्थीचा प्रवास याच्या उलट दिशेचा. जावामध्ये ईदला शहरातले लाखो लोक गावी परततात, त्याला मुदिक म्हणतात. इथे तोच ओघ गणपतीला येतो. कितीतरी घराण्यांत गणपती एकच, तो मूळ घरात. म्हणून वर्षभर न बोलणारे भाऊही एकाच माटवीखाली आरतीला उभे राहतात. सामाईक सातबाऱ्याची गाठ सोडवायलाही हीच वेळ बरी. सर्व सहहिस्सेदार राजी असतील तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज करता येतो. त्यासाठी दिवाणी दाव्याची गरज नसते. जुन्या खुणा ठाऊक असलेली म्हातारी माणसे अजून खळ्यात बसलेली आहेत आणि हिस्सेदारही त्या दिवसांत घरी असतात. वाटपाला बसायचे तर येत्या चतुर्थीलाच बसावे, आणि बसताना बहिणींनाही बोलवावे.

(क्रमशः)