मांड जमिनीवरच पक्की होते

घोडा उधळला आणि स्वार खाली आला, की भोवतालचे लोक हमखास सांगतात: घाबरू नकोस, लगेच परत बस, घोड्याला भीती कळते. यातलं शेवटचं वाक्य खरं आहे, आणि म्हणूनच पहिली दोन फारशी उपयोगाची नाहीत. भीती त्याला कळतच असेल, तर ती चेहऱ्यावरून पुसून काय साधणार? हा घोडा पुढच्या क्षणी काय करील आणि तेव्हा आपल्याला काय करता येईल, याचा अंदाज वारंवार खरा ठरत गेला की आत्मविश्वास मागाहून येतो. आणि तो अंदाज बांधायला खोगिरावर चढण्याआधीच सुरुवात करावी लागते.

भीती कळते म्हणजे नेमकं काय होतं? धास्तावलेला माणूस पुढे वाकतो, श्वास रोखतो, मांड्या आवळतो. त्याच्या टाचा वर सरकून घोड्याच्या कुशीला लागतात आणि हात लगाम खेचू लागतात. टाच म्हणजे ‘चल’, लगाम म्हणजे ‘थांब’. दोन्ही हुकूम एकदम मिळालेला घोडा बिथरला, तर त्याला खट्याळ कसं म्हणायचं? 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका स्वीडिश अभ्यासात माणसांनी घोड्यासह एकाच वाटेनं चार खेपा केल्या, कुणी त्याला हाती धरून, कुणी वर बसून. चौथ्या खेपेआधी त्यांना सांगितलं गेलं, की या वेळी घोडा जवळून जाताना छत्री उघडली जाईल. छत्री कुणी उघडलीच नाही. तरीही माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले, आणि छत्रीचं काहीच ठाऊक नसलेल्या घोड्यांचेही वाढले. त्याच्या शंभरेक वर्षं आधी, 1907 मध्ये, ऑस्कर फुंग्स्ट यांनी बर्लिनच्या ‘हुशार हान्स’चं कोडं उलगडलं होतं. गणिताचं उत्तर खुरानं आपटून देणारा हा घोडा खरं तर प्रश्न विचारणाऱ्याच्या नकळत होणाऱ्या बारीक हालचाली टिपत होता. इतकं बारीक पाहणाऱ्या जनावरापुढे सोंग टिकत नाही. श्वास मात्र आपल्या हातात असतो. तो लांब सोडला की कंबर सैल होते, बैठक खोल उतरते, टाच खाली येते. भीती उरली तरी घोड्याला पोचणारा निरोप बदलतो.

आता घोड्याची बाजू. प्लुटार्कनं सांगितलेली ब्युसेफेलसची गोष्ट आपण धाडसाची म्हणून ऐकतो. मला तिच्यातलं निरीक्षण जास्त मोलाचं वाटतं. फिलिप राजाच्या माणसांना न आवरलेला तो घोडा स्वतःच्याच सावलीला बुजतोय, हे कोवळ्या अलेक्झांडरनं हेरलं, त्याचं तोंड सूर्याकडे वळवलं, थोपटून त्याला शांत केलं आणि मगच मांड टाकली. अवघड म्हणून नाव पडलेल्या प्रत्येक घोड्याची अशी सावली शोधायला हवी. पुष्कळदा ती दुखण्यात सापडते: पाठीला घासणारं खोगीर, दाढेची टोकदार कड, पोटातला अल्सर. ब्रिटिश पशुवैद्य सू डायसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, स्वार पाठीवर असताना दिसणाऱ्या 24 लक्षणांची यादी केली आहे. कान मागे पाडणं, तोंड उघडं ठेवणं, शेपूट झटकत राहणं, अशी त्यांतली 8 किंवा अधिक दिसली, तर दुखण्याची दाट शंका घ्यावी. अशा घोड्यावर बसायला मन कचरत असेल, तर ती भीती रास्तच आहे.

यावर जुनाजाणता चाबुकस्वार म्हणेल, की असे लाड केले तर घोडा शेफारेल. तुम्ही उतरलात की आपण जिंकलो असं त्याला वाटेल. घोडा हार-जीत मोजत नाही, पण आपण काय केल्यावर दाब सुटला, हे तो पक्कं ध्यानात ठेवतो. त्यामुळे आक्षेपात तथ्य आहे: उसळी मारताच स्वार दर वेळी उतरून निघून गेला, तर उसळीच पक्की होईल. मात्र त्यावर परत चढणं हा एकच इलाज नाही. उतरल्यावर जमिनीवर उभं राहून दोन पावलं मागे, चार पावलं पुढे, मग थांब, असं नक्की जमणारं काहीतरी करून घ्यावं, जमताक्षणी दोर सैल सोडावा आणि तिथेच दिवस संपवावा. पुढे लांब दोरावर गोल फिरवणं, मग हेल्मेट घालून ओळखीच्या रिंगणात नुसती चाल, ती कंटाळवाणी वाटेपर्यंत; नंतर दुडकी; आणि शेवटी एखाद्या शांत घोड्याच्या सोबतीनं बाहेर. एकाच बाजूच्या लगामानं मान वळवून थांबवण्याची सवय दोघंही शांत असतानाच लावावी, कारण घोडा उधळल्यावर ती शिकता येत नाही. लढाईच्या कामात एवढी सवड कुणाला होती, असंही कुणी विचारील. झेनोफन स्वतः घोडदळात राहिलेला सेनानी. त्यानंच सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी अश्वविद्येवरच्या ग्रंथात बजावलं, की रागाच्या भरात घोड्याला हाताळू नये; बुजलेल्या घोड्याला मारलं, तर ती वेदनाही तो समोरच्या वस्तूच्याच खाती मांडतो.

काही जोड्या मात्र जुळत नाहीत. नवशिका स्वार आणि अर्धवट शिकलेला घोडा एकमेकांना चुकाच शिकवतात. तिथे घोडा बदलणं हाच शहाणपणा. दत्तजयंतीला तापीकाठी भरणाऱ्या सारंगखेड्याच्या बाजारात घोडा दिसतो तो सराईत माणसाच्या मांडीखाली, रेवाल चालीची ऐट दाखवताना. घेणाऱ्यानं तेवढ्यावर भाळू नये. त्याला लगाम चढवताना, खोगीर कसताना पाहावं. इतर घोड्यांपासून दूर नेल्यावर तो काय करतो ते पाहावं. आणि मग, ज्याला रोज बसायचं आहे त्यालाच वर बसवून चार पावलं चालवून बघावं.