बोअरच्या पाण्यातले जिवाणू नेमके कुठले?

जमिनीखाली खोलवर सूक्ष्मजीव असतात, यावर आता फारसा वाद नाही. पण तुमच्या बाटलीत आलेले जिवाणू खरंच तिथले, की ड्रिलिंग करताना आपणच खाली सोडलेले? हे सिद्ध करता आलं नाही, तर पुढचं सगळं डीएनए विश्लेषण वाया जातं.

एक साधा हिशोब बघा. समजा, खडकातल्या पाण्यात दर मिलिलिटरला 1,000 पेशी आहेत आणि ड्रिलिंगच्या पाण्यात 10 लाख. नमुन्यात ड्रिलिंगचं पाणी फक्त 1 टक्का मिसळलं, तरी बाहेरच्या पेशी होतात 10,000 आणि मूळच्या उरतात 990. रसायनशास्त्राच्या दृष्टीने 99 टक्के शुद्ध असलेला हा नमुना आपल्यासाठी मात्र निकामी!

शिवाय हे पाहुणे नुसते येऊन थांबत नाहीत, वाढतातही. ड्रिलिंगच्या द्रवात कधी कधी ग्वार गमसारखे पदार्थ घालतात; ते जिवाणूंचं आयतं खाद्य. सोबत हवेतला ऑक्सिजनही खाली पोचतो. म्हणून आधी पाणी उपसतात आणि तापमान, पीएच, विद्युतवाहकता, विरघळलेला ऑक्सिजन हे आकडे स्थिर झाले की मगच नमुना घेतात. नमुना बाटलीत ठेवून दिला, तर तिथेही वाढ होते. क्लॉड झोबेल यांनी 1943 मध्येच काचेसारख्या पृष्ठभागांचा समुद्राच्या पाण्यातल्या जिवाणूंच्या वाढीवर होणारा परिणाम दाखवला होता.

मग ओळखायचं कसं? एक उपाय म्हणजे ट्रेसर. ड्रिलिंगच्या द्रवात रंगद्रव्य किंवा जिवाणूच्या आकाराचे चमकणारे सूक्ष्म मणी मिसळायचे आणि ते नमुन्यात किती सापडतात ते मोजायचं. दोन्ही वापरलेले बरे, कारण रंग जिथून झिरपतो तिथून पेशी जाईलच असं नाही. दुसरा उपाय तुलनेचा. दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींत संशोधकांनी खडकाच्या भेगांतल्या पाण्याबरोबर खाणीत वापरलं जाणारं पाणीही तपासलं. त्याच खाणींपैकी म्पोनेंगमध्ये, 2.8 किलोमीटर खोलीवर, एका भेगेतल्या पाण्यातले 99.9 टक्क्यांहून जास्त सूक्ष्मजीव एकाच प्रकारचे निघाले: डेसल्फोरुडिस ऑडॅक्सव्हिएटर. हे संशोधन 2008 मध्ये प्रसिद्ध झालं. हा जिवाणू सूर्यप्रकाशाविना, युरेनियमच्या किरणोत्सारामुळे पाण्यातून सुटणारा हायड्रोजन आणि सल्फेट यांवर जगतो. एवढा मोठा दावा टिकण्यासाठी 'हे बाहेरून आलेलं नाही' हे आधी पटवावं लागतं.

तुलना करतानाही घाई नको. एखादा जिवाणू दोन्हीकडे सापडला म्हणून तो बाहेरचाच ठरत नाही. ड्रिलिंगचं पाणी त्याच भूजलातून उपसलेलं असू शकतं.

तेव्हा प्रकल्प आखताना यादीत पहिली बाटली ड्रिलिंगच्या पाण्याची लिहा, आणि तीही काम सुरू होण्याआधी भरायची. भूजलाचा नमुना पुढच्या महिन्यात पुन्हा घेता येईल. ड्रिलिंगच्या दिवशी वापरलेलं पाणी मात्र परत मिळणार नाही.